चंद्र उगवलेली अंडी

सकाळी आम्ही घरट्यावरची टोपली उचलली.

खाली वाळू होती, नुसती वाळू. काल संध्याकाळी मी तळव्याने सपाट केली होती तशीच, माझ्या पाच बोटांच्या पुसट रेघांसकट. धुरी गुरुजींनी रिकामी टोपली छातीशी धरून ठेवली. कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून सुलूवहिनी बाहेर उभ्या होत्या. बाबलकाका घरट्यापाशी उकिडवे बसले होते आणि आजाऱ्याच्या उशाशी बसलेला माणूस पांघरूण हलतंय का ते पाहतो, तसे त्या वाळूकडे पाहत होते. ओहोटी लागली होती. समुद्र इतका मागे गेला होता की लाटेचा आवाजसुद्धा दुसऱ्या कुठल्या गावाहून आल्यासारखा वाटत होता.

"एकोणसाठ," गुरुजी अखेर म्हणाले.

एकोणसाठ दिवस. इतर सहा घरट्यांतली पिल्लं बावन्नाव्या, त्रेपन्नाव्या दिवशी वर आली होती आणि समुद्रात गेली होती. राहिलं होतं ते हे सातवं.

शिरवेळच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी अंडी घालायला येतात. दीड हात खोल, कळशीच्या आकाराचा खड्डा मागच्या पायांनी उकरायचा, त्यात शंभरावर अंडी सोडायची, वाळू लोटायची आणि परत फिरायचं. आई पुन्हा कधी येत नाही. पुढचं सगळं ती वाळूवर सोपवते. त्या वाळूत कोल्हे, कुत्रे आणि माणसं यांचेही हात पोचत, म्हणून गावाने सात वर्षांपूर्वी एक समिती केली होती. पहाटे घरटं शोधायचं, अंडी अलगद कुंपणात आणायची, तशाच खड्ड्यात ठेवायची, वर बांबूची टोपली पालथी घालायची आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघायची. धुरी गुरुजी शाळेतून निवृत्त झाले आणि या समितीचे अध्यक्ष झाले. बाबल गिरप यांना घरटं सापडे; काठीचं टोक वाळूत टोचून, डोळे मिटून, ते सांगत की इथे आहे. आणि मी, तेवीस वर्षांची, कोल्हापूरहून आलेली प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, वाळूचं तापमान नोंदवून त्यावर प्रबंध लिहिणार होते. राहायला सुलूवहिनींच्या पडवीलगतची खोली होती.

"गुरुजी, आता माका बोलूक होया," सुलूवहिनी जाळीपलीकडून म्हणाल्या.

"बोला."

"बाबलकाकांनी ह्या घरट्यात हात घातल्यानी होतो. ज्या दिशी मॅडमनी अंडी हाडून ठेवल्यानी, त्याच दिशी. भर दुपारी. मी सुरूची सुकी पानां गोळा करूक इल्लंय, ह्या डोळ्यांनी बघलंय."

गुरुजींनी टोपली सावकाश खाली ठेवली. "दोन महिने झाले, सुलू. तेवा गप ऱ्हवलंस?"

"वयाचो मान ठेवलंय. म्हटला समितीचो माणूस, काय तरी काम असात. पण आता पिल्लांचो पत्तोच नाय, मगे मनात येतला नाय?"

"बाबल," गुरुजी म्हणाले, "हात घातलंस?"

"घातलंय."

"कित्याक?"

 बाबलकाकांनी वाळूवरची एक वाळकी काडी उचलून बाजूला ठेवली.

"अंडी काढलंस?"

"तुका काय वाटता?"

"माका काय वाटता त्येचो प्रश्न नाय रे. समिती येवच्या आधी तू काय करी होतंस, तां सगळ्या गावाक ठावक हा."

ते खरं होतं. तरुणपणी बाबलकाका कासवाची अंडी काढून बाजारात नेत. ते स्वतःच सांगत, हसत सांगत: "माजो फोटो कासवांनी समुद्रात टांगलेलो असतलो गो बाय. ह्येच्यापासून सांभाळा म्हणान." सगळे हसत. त्या सकाळी कुणी हसलं नाही.

आणि मला, हे लिहिताना आजही हात जड होतो, मला हलकं वाटलं. छातीवर दोन महिने ठेवलेला दगड कुणी तरी उचलून दुसऱ्याच्या छातीवर ठेवला होता.

"खोदून बघू या," गुरुजी म्हणाले. "आत्ताच काय तां कळतला."

"नको." बाबलकाका पहिल्यांदाच मान वर करून बोलले. "ही जागा थंड. सुरूची सावली पडता. उशीर लागतलो. आणखी चार दिवस ऱ्हव."

गुरुजी माझ्याकडे वळले आणि शाळेतल्या भाषेवर आले. "मॅडम, तुमच्या यंत्राचं काय म्हणणं?"

"इतर घरट्यांपेक्षा दीड-दोन अंश कमी आहे," मी म्हणाले. "थंड वाळूत वाढ हळू होते. चार दिवस जास्त लागू शकतात."

"शकतात की लागतील?"

"शकतात."

हे खरं होतं. याच्याखाली जे होतं ते मी बोलले नाही.

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला. "बासष्टाव्या दिवशी सकाळी खोदायचं. आणि बाबल, तोवर तू भितर येव नको."

बाबलकाकांनी काठी घेतली आणि ते फाटकातून बाहेर गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते. त्यांनी पाहिलं नाही.

*

त्या घरट्याची हकीकत मला एकटीलाच ठाऊक आहे, असं मी धरून चालले होते.

शिरवेळचा किनारा दोन भागांत आहे. थोरली पुळण लांबलचक. तिच्या दक्षिणेला काळ्या कातळाचं एक नाक समुद्रात घुसलेलं, आणि त्याच्यापलीकडे दोनशे पावलांची धाकटी पुळण. भरतीच्या वेळी तिथे जायचं तर कंबरभर पाण्यातून नाकाला वळसा घालावा लागे. पहाटेची फेरी आम्ही वाटून घेतली होती. थोरली पुळण काकांकडे, धाकटी माझ्याकडे.

चार फेब्रुवारीच्या पहाटे भरती होती. पाणी अंग कापेल इतकं गार होतं. मी कातळावर उभी राहिले. पूर्वेला डोंगराच्या कडेवर उजेडाची एक फिकट चीर पडली होती आणि समुद्र अजून स्वतःच्या काळोखाला धरून होता. त्या दोघांच्या मधल्या त्या क्षणभराच्या राखाडी रंगाला काय म्हणावं, याचा विचार करत मी पंधरा मिनिटं तिथे घालवली. तिथून धाकट्या पुळणीचा अर्धा भाग दिसत होता. तो स्वच्छ होता. मी परत फिरले आणि वहीत लिहिलं: धाकटी पुळण, खुणा नाहीत.

पाच तारखेला मी पाणी ओसरेपर्यंत थांबले आणि कोरड्या पायांनी पलीकडे गेले.

कासविणीची वाट वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखी उमटते, येतानाची एक आणि जातानाची एक. दोन्हींचा खालचा भाग भरतीने पुसून नेला होता. वरच्या भागाच्या कडा ढासळल्या होत्या आणि खेकड्यांच्या बारीक नखांचे टाके त्यांना आडवे छेदून गेले होते. ही वाट कालची नव्हती, परवा रात्रीची होती. ज्या अर्ध्या भागात मी काल नजर टाकली नव्हती, तिथलीच.

घरटं किनाऱ्याच्या वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीच्याही वर होतं. उधाणाचं पाणीसुद्धा तिथे पोचलं नसतं. समितीचा नियम साधा होता: एक रात्र उलटून गेलेलं घरटं हलवायचं नाही, तिथेच जाळी घालायची आणि राखण करायची. पण तिथे जाळी घालायची तर तिथे का, हे सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचं तर काल वहीत लिहिलेली ती ओळ खोडावी लागली असती.

मी खणायला बसले.

नियमामागचं कारण मला पाठ होतं. माझ्या प्रबंधात त्यावर एक अख्खा परिच्छेद होता. ताजं अंडं ओलसर, गुलाबी-पिवळसर, अर्धपारदर्शक असतं. ते कसंही ठेवलं तरी चालतं. पण काही तासांनी आतला जीव वर तरंगत येतो आणि कवचाच्या माथ्याला आतून चिकटतो. बाहेरून तिथे एक पांढरा ठिपका दिसू लागतो आणि दिवसभरात तो वाटोळा पसरतो. त्यानंतर अंडं फिरलं तर ते चिकटणं तुटतं, आणि न दिसणारा तो जीव न दिसताच मरतो. माझ्या परिच्छेदात या सगळ्याला लांबलचक शास्त्रीय नावं होती. बाबलकाकांकडे एकच शब्द होता. मी आले त्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं होतं: "अंड्याक चंद्र इलो, की तेका हात लावचो नाय, बाय. चंद्र वरच ऱ्हवाक होयो."

खड्डा उघडला तेव्हा एकावर एक रचलेली ती अंडी सकाळच्या तिरप्या उजेडात चमकली, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर पांढरा, धूसर, नुकता उगवलेला चंद्र होता. एवढ्याशा खड्ड्यात एवढं आकाश मी तोवर पाहिलं नव्हतं. मी हात आखडला. मग पुन्हा पुढे केला. एकशे बारा अंडी मी बादलीत भरली, घाईने, कुणी येण्याच्या आत. आणि कातळावरून उतरताना बादली दोनदा दगडाला आपटली. कुंपणात पोचले तेव्हा चंद्र वाट्टेल त्या दिशेला तोंडं करून पडले होते. मी त्यांना खड्ड्यात ओतलं असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण ठेवलं असंही म्हणता येणार नाही. वहीत लिहिलं: रात्रीचं घरटं, अंडी ११२.

काका त्या दिवशी बाजाराला गेले होते. अकराच्या सुमारास परत आले. कुंपणात येऊन नव्या टोपलीकडे बघितलं.

"खंय गावला?"

"धाकट्या पुळणीवर."

"रातचा?"

"हो."

त्यांनी डोक्यावर आलेल्या सूर्याकडे पाहिलं, काठी उचलली आणि ते कातळाच्या दिशेने निघाले. मी जेवायला घरी गेले. त्यानंतर दोन महिने या घरट्याविषयी आम्ही एक शब्द बोललो नाही. रोज सकाळी टोपली उचलताना ते माझ्या शेजारी असत, आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर काही शोधत असे. तिथे फक्त टोपलीखाली काय आहे याची उत्सुकता असे.

म्हणून सुलूवहिनी बोलल्या तेव्हा मी त्या शब्दांना बुडत्यासारखी बिलगले. चोरी झाली असेल, तर मेलेलं घरटं माझं नव्हतं.

*

काका कुंपणात आले नाहीत, पण लांबही गेले नाहीत. सुरूच्या बनाच्या कडेला एक पडकी होडी होती. तिच्या सावलीत ते जाळं विणत बसत. साठाव्या दिवशी दुपारी मी तिथे गेले.

"काका, चहा घेणार?"

"सुलून दिल्यान तर घेतलंय," ते म्हणाले. "पण ती आता माका चहा देवची नाय. कपबशी पळवीत म्हणान."

मी वाळूत बसले. त्यांची बोटं जाळ्यातून सराईत फिरत होती. वाऱ्याने सुरूची बारीक पानं आमच्या अंगावर पडत होती.

"तुम्ही खरंच हात घातलात?"

"सांगलंय ना, घातलंय."

"कशाला?"

"बघूक."

"काय बघायला?"

"किती सोसतत तां."

मला ते कळलं नाही. किंवा असं म्हणू, मी ते कळू दिलं नाही. विषय बदलण्यासाठी मी विचारलं, "तुम्ही अंडी काढणं सोडलंत ते समितीमुळे?"

"समिती खंय होती तेवा? तेच्याआधी चार वरसां सोडलंय." त्यांनी सुई थांबवली. "एक कासवीण अंडी घाली होती. पुनवेचा चांदणा पडला होता. मी पाठीमागसून जावन, ती घाली तशी एकेक अंडा तळहातावर झेली होतंय. वाळूत पडूकसुद्धा दिलंय नाय. गरम अंडी, बाय. नि मी सहज पुढे बघलंय. ती रडी होती. डोळ्यांतसून धार."

"ते अश्रू नसतात काका," मी म्हणाले. "समुद्रात राहणाऱ्या जिवाच्या अंगात मीठ फार होतं. ते जास्तीचं मीठ ती डोळ्यांवाटे बाहेर टाकते. पाण्यातही टाकतच असते, फक्त आपल्याला दिसत नाही."

"असतला." त्यांनी मान हलवली. "तू शिकलंलस, तू खोटा कशाक सांगशीत? पण माजो हात तिच्या पाठीमागे होतो नि ती रडी होती. तुज्या मिठाचो मी काय करू?"

 त्यांनी पुन्हा विणायला घेतलं.

"ती झेललेली अंडी?" मी विचारलं.

"परत ठेवलंय. एकेक."

मी उठले. चहा आणते म्हणून गेले आणि आणला नाही.

*

एकसष्टाव्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला मी टोपली उचलली. वाळूच्या मध्यावर बशीएवढी खळी पडली होती.

मी वाकले. खळी श्वास घेतल्यासारखी किंचित खचली. वाळूचे चार कण घरंगळत मध्यावर गेले आणि नाहीसे झाले. मी ओरडले असेन, कारण गुरुजी अनवाणी पळत आले, त्यांच्या मागून पदर खोचत सुलूवहिनी आल्या, आणि जाळीबाहेर बाबलकाका येऊन उभे राहिले.

"आवाज करू नको," ते बाहेरून म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. बहुधा आम्हा सगळ्यांनाच.

आधी एक नाक आलं. काळसर, अंगठ्याच्या नखाएवढं, वाळूने माखलेलं. ते तसंच थांबलं, डोळे मिटलेले, जणू वर येण्याचा हा निर्णय त्याने घेतलाच नव्हता, खालून कुणी तरी घेतला होता. आणि ते खरंच तसं असतं. एकटं पिल्लू दीड हात वाळू फोडू शकत नाही. तळातली पिल्लं हात हलवतात, छपराची वाळू झडून खाली बसते, सगळी मिळून त्या वाळूवर एक बोट वर चढतात, दमतात, थांबतात. मग एक जण हलतो आणि पुन्हा सगळे हलतात. असे तीन-तीन दिवस. अंधारात, एकमेकांना न बघता, कुठे जायचं हे कुणी न सांगता.

मग वाळू उकळली. दुसरा शब्द मला आजही सुचत नाही. नाक, वल्ह्यासारखा हात, पाठ, पुन्हा नाक, एकावर एक, एकाखालून एक. आणि इतक्या जिवांच्या धडपडीचा आवाज केवढा, तर कोरड्या पानावर पाऊस लागावा तेवढा. सुलूवहिनींनी दोन्ही हात तोंडावर धरले होते. गुरुजी हलक्या आवाजात, शाळेत हजेरी घ्यावी तसे मोजत होते.

"एक्केचाळीस. बेचाळीस." बराच वेळ गेला. "त्रेचाळीस."

पुढे काही आलं नाही.

पिल्लं आम्ही कधी पाण्यात सोडत नसू. लाटेपासून वीस-पंचवीस पावलांवर ती वाळूवर ठेवायची आणि मागे व्हायचं. चालायचं त्यांनीच. वाळूवर पाऊल टेकताच ती सगळी समुद्राकडे वळली. त्यांच्यातल्या कुणीही समुद्र पाहिला नव्हता. सूर्य पाण्याला टेकला होता आणि ओल्या वाळूवर त्याचा जो लांब, तांबूस पट्टा पडला होता त्यावरून ती त्रेचाळीस पिल्लं, प्रत्येक जण आपल्यापेक्षा लांब सावली ओढत, चालत निघाली. एकाला खेकड्याच्या बिळाशी अडखळायला झालं. ते उलटलं, सरळ झालं आणि आधीच्याच दिशेने चालू लागलं. पहिली लाट आली, तिने चार जणांना उचललं आणि परत वाळूवर आणून टाकलं. ती पुन्हा निघाली. दुसऱ्या लाटेने त्यांना ठेवून घेतलं.

मला तेव्हा जे आठवलं ते मी कुणाला सांगितलं नाही. वाळू ऊबदार असली तर माद्या जन्मतात, थंड असली तर नर. सातवं घरटं सावलीत होतं. ही बहुतेक सगळी नर असणार होती. मादी मोठी झाली की अंडी घालायला जमिनीवर येते. नर कधीच येत नाही. म्हणजे माझ्यासमोरची ही वीस-पंचवीस पावलं, ही ओली वाळू, हा संध्याकाळचा उतार, हीच त्यांच्या आयुष्यातली सगळी जमीन होती. ती ओलांडायला त्यांना सात मिनिटं लागली.

शेवटचं पिल्लू पाण्यात गेल्यावरही आम्ही तसेच उभे होतो. बाबलकाका आमच्यापासून वेगळे, बरेच मागे उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

*

बासष्टाव्या दिवशी सकाळी गुरुजींनी ठरल्याप्रमाणे घरटं उघडलं. पिल्लं गेल्यावर खड्डा साफ करून फुटलेली कवचं आणि न उबलेली अंडी मोजावी लागतात. मी एका फडक्यावर कवचं मांडत गेले, दुसऱ्यावर अंडी. बाबलकाका फाटकाबाहेर उभे होते. त्यांना कुणी आत बोलावलं नव्हतं.

"कवचं त्रेचाळीस," गुरुजी म्हणाले. "आणि अंडी?"

"एकोणसत्तर."

त्यांनी ओठ हलवून बेरीज केली. मग दुसऱ्यांदा केली. "एकशे बारा. एकसुद्धा कमी नाही." ते सुलूवहिनींकडे वळले. "सुलू, मगे बाबलान काढल्यान काय?"

"काढल्यान असा मी खंय म्हटलंय?" सुलूवहिनी गोंधळल्या. "हात घातल्यानी म्हटलंय. तां खोटा नाय."

"नक्की काय बघलंस तां सांग. पयल्यापासून."

"सगळी अंडी भायर काढून वाळूत मांडल्यानी होती. मगे एकेक उचली, उन्हाक धरी, बघी. बोटांनी अशी जराशी फिरवी, नि खड्ड्यात ठेवी. देवाचो टाक ठेवतत, तसा. वर वाळू घाली, मगे दुसरा. दोन तास चल्ला होता. घामान भिजलेले. माका वाटला, चांगली अंडी निवडतत."

माझ्या हातातलं अंडं मी खाली ठेवलं.

उन्हात धरून ते काय बघत होते, हे त्या कुंपणात फक्त दोघांना ठाऊक होतं. एकशे बारा वेळा त्यांनी चंद्र शोधला होता आणि एकशे बारा वेळा तो वर केला होता. ज्यांचा धागा आधीच तुटला होता ती एकोणसत्तर. तुटायच्या बेतात होता ती त्रेचाळीस. काल संध्याकाळी त्या तांबूस पट्ट्यावरून जे चालत गेलं, ते या म्हाताऱ्याच्या बोटांतून चालत गेलं होतं. आणि दोन महिने मी त्याच्या शेजारी उभी राहून टोपली उचलत होते.

"गुरुजी," मी म्हणाले. माझा आवाज मला परका वाटला. "ते घरटं त्या रात्रीचं नव्हतं. आदल्या रात्रीचं होतं. चार तारखेला मी धाकट्या पुळणीवर गेलेच नाही. कातळावरूनच परत फिरले आणि वहीत खुणा नाहीत असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी घरटं दिसलं, ते जुनं आहे हे मला कळलं, तरी मी हलवलं. अंडी फिरली. काकांनी ती सरळ केली. दुसरं काहीही केलं नाही."

"अगो बाय माज्या," सुलूवहिनी म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. वर्गातल्या हुशार मुलीच्या पाटीवर चुकीचं उत्तर निघावं, तसे ते पाहत होते. मग ते जाळीकडे गेले.

"बाबल, तुका ठावक होता?"

"पावलां जुनी होती," काका म्हणाले. "अंड्यार चंद्र होते. ठावक नसाक काय झाला?"

"नि मी तुका सगळ्यांसमोर चोर ठरवलंय, तेवा तोंड शिवलेला तुजा?"

"तां तिना सांगूचा होता. माजा सांगणा नाय तां."

गुरुजींनी फाटक उघडलं. "भितर ये रे," ते म्हणाले, आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही हे न कळून त्यांनी तो फाटकावरच ठेवला. सुलूवहिनी उठून काकांच्या पाया पडायला गेल्या, तर काका म्हणाले, "पाया नको. चहा हाड." त्या डोळे पुसत घराकडे पळाल्या. गुरुजी वही घेऊन सुरूखाली गेले. चार फेब्रुवारीची ओळ त्यांनी स्वतः खोडली नाही. पान उघडं ठेवून, वर पेन आडवं टाकून ते माझी वाट बघत बसले.

काका माझ्यासमोर उकिडवे बसले आणि रिकाम्या खड्ड्यात एकोणसत्तर अंडी परत ठेवू लागले. मेलेली अंडी तशीच पुरायची असतात. मीही ठेवू लागले. ती आता सगळीकडून सारखीच पांढरी होती. वर-खाली असं काही राहिलं नव्हतं. तरीही काका प्रत्येक अंडं दोन बोटांत धरून, क्षणभर थांबून ठेवत होते. बऱ्याच वेळाने शेवटचं अंडं गेलं. आम्ही दोघांनी मिळून वाळू ओढली.

"काका," मी विचारलं, "मी ते तिथेच राहू दिलं असतं, त्याच दिवशी तुम्हाला सांगितलं असतं, तर ही सगळी जगली असती?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा, एकदाच, सरळ. मग ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, तळहातांची वाळू एकमेकांवर घासून खाली पाडली, जाळीला टेकवलेली काठी घेतली आणि चहासाठी न थांबता फाटकातून बाहेर पडून सुरूच्या बनातल्या वाटेने आपल्या घराकडे चालू लागले. मी सुरूखाली गेले, पेन उचललं आणि चार फेब्रुवारीची ओळ खोडली.